रक्तवर्ज्य मुलखातील परके बुबुळ

मोराव्हियातील ओलोमूक येथे ७ डिसेंबर १९०५ रोजी एडुआर्ड झिर्म ह्या नेत्रवैद्याने, एका अकरा वर्षांच्या मुलाच्या, लोखंडाचे कण शिरल्यामुळे काढाव्या लागलेल्या डोळ्यातील कॉर्नियाचे दोन तुकडे, चुन्याने दोन्ही डोळे पोळलेल्या एका मजुरास बसवले; त्यांपैकी एक स्वच्छ राहिला, आणि मनुष्यावरील पहिले यशस्वी कॉर्नियारोपण म्हणून त्याची नोंद झाली. प्रतिकारशक्ती दडपणारे औषध तेव्हा अस्तित्वातच नव्हते, आणि चुन्याने पोळलेल्या डोळ्यात रक्तवाहिन्या माजण्याचे भय तर फारच. म्हणून झिर्मच्या हस्तकौशल्यास पूर्ण मान देऊनही दैवाचा वाटा त्यात थोडाथोडका नव्हता, असे माझे मत आहे.

कॉर्निया म्हणजे बुबुळावरील हे पटल जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे. त्यास प्राणवायू मिळतो तो हवेतून, अन्नरस पोचतो तो बव्हंशी आतील जलद्रवातून, आणि रक्तवाहिनीस तेथे मज्जाव असल्यामुळेच ते काचेसारखे नितळ राहते. हा मज्जाव आयता मिळालेला नाही. वाहिन्यांना वाढीची चेतना देणारे व्हीईजीएफ नावाचे प्रथिन परस्पर पकडून ठेवणारे दुसरे एक द्रव्य कॉर्निया स्वतःच बाळगून असतो, हे २००६ साली उघडकीस आले. ते द्रव्य ज्याच्या कॉर्नियात नाही, त्या मॅनाटी नामक जलचराच्या ह्या पटलात रक्तवाहिन्या खुशाल नांदतात.

रक्तवाहिन्यांच्या ह्या मज्जावामुळे प्रतिकारशक्तीची नजरही तेथे सहसा पोचत नाही; परक्या ऊतीस डोळ्यात मिळणाऱ्या ह्या सवलतीचे वर्णन जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावर ह्यांनी १९४८ मध्ये केले. परंतु जंतुसंसर्ग, भाजणे, किंवा केसाहून बारीक अशा नायलॉनच्या टाक्याचे नुसते ढिले पडणे, एवढ्यानेही कडेच्या वाहिन्या आत सरकू लागतात, आणि मग सवलतीची सनद रद्द झालीच म्हणून समजावे. कारण रक्तवाहिन्यांसोबत, भिंगातून सहसा न दिसणाऱ्या लसिकावाहिन्याही येतात. लसिकावाहिन्या परक्याची खबर मानेतील लसिकाग्रंथींच्या कचेरीत पोचवतात आणि रक्तवाहिन्या तेथून सुटलेली फौज आणून सोडतात. माझ्या मते खबऱ्याची वाट अधिक घातक, पण डोळ्यांत भरते ती फौजेचीच.

उपचारात अद्यापि अग्रमान स्टेरॉइडच्या थेंबांचा आहे, कारण ते दाह शमवतात आणि वाहिन्यांनाही आवरतात. मात्र त्यांच्या दीर्घ अंमलात काचबिंदू व मोतीबिंदू ओढवू शकतात. नॉर्वेतील मातीच्या बुरशीतून लाभलेले सायक्लोस्पोरीन आणि जपानमधील त्सुकुबाच्या मातीतील सूक्ष्मजीवापासून मिळालेले टॅक्रोलिमस ह्या फौजेतील टी-पेशींना रोखतात. पोटातून दिल्यास मूत्रपिंड व रक्तदाबावर नजर ठेवणे भाग पडते. पण फौजेस अटकाव केला, तरी रस्ता मोडला असे होत नाही. त्यासाठी मूळ कर्करोगासाठी २००४ मध्ये संमत झालेले बेव्हॅसिझुमॅब डोळ्यासाठी वापरून पाहिले जाते. कोवळ्या वाहिन्या त्याने आक्रसतात, परंतु जुन्या, पक्क्या झालेल्या वाहिन्या दाद देत नाहीत, आणि मग तापवलेल्या सुईने त्यांचे मुख बंद करावे लागते.

लढाई जुंपल्याची खूण भिंगाखाली दिसते: कलमाच्या, म्हणजे रोपलेल्या कॉर्नियाच्या, पाठीमागील पटलावर श्वेतपेशींची एक बारीक रेघ कडेकडून पुढे सरकते आणि तिच्या मागचा भाग धूसर होत जातो. ह्या पटलाच्या पेशी मनुष्यात पुन्हा उपजत नाहीत. म्हणून डोळा लाल झाला, उजेड सोसवेना, किंवा दिसणे मंदावले, तर नेमलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. वेळीच थेंबांचा मारा वाढवला, तर पुष्कळ कलमे वाचतात.