खेळाडू हाही कामगारच!

गेल्या महिन्यात चौलला गेलो होतो. आगरातल्या एका ओळखीच्या घरी बसलो असताना एक तरुण आत आला. "जयभीम, वकीलदादा," म्हणाला आणि भिंतीचा आधार घेत हळूच खाली बसला. उजवा गुडघा वाकत नव्हता. हा मुलगा कबड्डीचा चढाईपटू. एका कंपनीच्या संघाकडून खेळायचा. सामन्यात पकड झाली, गुडघा फिरला आणि दुसऱ्या मोसमात त्याचे नाव यादीतून गेले. खिशातून त्याने घडी घातलेला कागद काढला. अकरा महिन्यांच्या कंत्राटी नेमणुकीचे ते पत्र. त्यात कामाचे तास होते, शिस्तीचे नियम होते, काढून टाकण्याचा अधिकार होता. दुखापत झाली तर काय, याबद्दल एक अक्षर नव्हते.

"दादा, केस होईल का?" त्याने विचारले. मी लगेच उत्तर दिले नाही. कारण त्याआधी दुसराच प्रश्न उभा राहतो. कायद्याच्या नजरेत हा मुलगा आहे तरी कोण? कामगार, कलाकार, की फावल्या वेळात खेळणारा हौशी माणूस?

हा प्रश्न नवा नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी तो पुण्याच्या मैदानावर उभा होता. त्याचे नाव बाळू पालवणकर.

मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले पालवण, जात चांभार, वडील लष्करी नोकरीत. बाळूंना पहिले काम मिळाले ते खेळपट्टी झाडण्याचे आणि रोलर फिरवण्याचे, महिना तीन रुपयांवर. पुढे गोऱ्या साहेबांच्या क्लबात चार रुपये मिळू लागले. तिथे साहेबांना सरावासाठी तासन् तास गोलंदाजी टाकायची. बॅट मात्र हाती यायची नाही. चेंडू टाकणे हे नोकराचे काम आणि बॅट धरणे हा साहेबाचा मान! श्रमाची ही विभागणी आपल्याला काही नवी नाही. बाबासाहेबांनी सांगितलेच आहे की जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे.

याच माणसाला पुढे हिंदूंच्या संघाने घेतले, कारण त्याच्याशिवाय गोऱ्यांना हरवता येत नव्हते. मैदानात त्याने हातात घेतलेला चेंडू सगळ्यांना चालायचा. चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात. जेवणाचे पान वेगळे. १९०६ मध्ये मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्यात बाळूंची गोलंदाजी निर्णायक ठरली. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. त्या दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी घेतले. गोलंदाज म्हणून त्यांच्या बरोबरीचा दुसरा नव्हता. तरीही कप्तानपद? ते जन्माने मिळायचे, बळींनी नाही.

वाचकहो, येथे एक गोष्ट लक्षात घ्या. बाळूंचे कौतुक झाले, सत्कार झाले, रेल्वेत नोकरी मिळाली. पण दर वर्षी कप्तान निवडताना निवड समितीला त्यांचे नाव आठवत नसे. एकटा माणूस कितीही गुणी असला तरी व्यवस्था त्याचा गुण वापरते आणि त्याला उंबऱ्याबाहेर ठेवते. हे चित्र बदलले ते १९२० मध्ये. चौरंगी स्पर्धेसाठी बाळूंना वगळले आणि कप्तानपद देतानाही पालवणकरांना डावलले. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या दोघा भावांनी जाहीर निवेदन काढून संघातून अंग काढून घेतले. आम्ही खेळणार नाही, असे त्यांनी लोकांसमोर सांगितले. वर्तमानपत्रांत चर्चा पेटली आणि पुढच्याच सामन्याला बाळू उपकप्तान म्हणून संघात आले. तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कप्तान झाले.

हा संपच होता! त्याला युनियनचा शिक्का नव्हता, लेटरहेड नव्हते, वर्गणीची पावती नव्हती. पण श्रम रोखून धरण्याची जी ताकद गिरणी कामगाराकडे असते, तीच दोघा भावांनी मैदानावर वापरली. पंधरा वर्षांच्या पराक्रमाने जे मिळाले नाही, ते एका सामूहिक नकाराने मिळाले.

दुर्दैव असे की तो नकार एका घरापुरता राहिला. त्याची संघटना झाली नाही.

ती कशी होते हे पाहायचे तर फ्रान्सकडे वळावे लागेल. तिथल्या व्यावसायिक फुटबॉलपटूने एकदा करारावर सही केली की तो वयाच्या ३५ व्या वर्षापर्यंत त्याच क्लबशी बांधलेला असायचा. क्लबने विकले तर जायचे, नाही विकले तर राहायचे. रेमंड कोपा हा पोलिश वंशाच्या खाणकामगाराचा मुलगा, स्वतः पोरवयात खाणीत उतरलेला. १९६३ मध्ये त्याने फुटबॉलपटू हे गुलाम आहेत असे उघड सांगितले, आणि त्याबद्दल त्याच्यावर कारवाई झाली. गुलामाला गुलामीची जाणीव करून दिली की मालकाला राग येतो, हे तिथेही खरे ठरले.

त्याआधीच, नोव्हेंबर १९६१ मध्ये, तिथे खेळाडूंची युनियन उभी राहिली होती. ती उभी करण्यात पुढाकार होता यूजीन न्जो लेआ या कृष्णवर्णीय खेळाडूचा. कॅमेरूनमध्ये जन्मलेला हा माणूस सेंट एतिएन क्लबकडून गोल करायचा आणि कायद्याचा अभ्यासही करायचा. मैदानावरची अक्कल आणि कायद्याचे पुस्तक एका हातात आले की काय होते, याचे हे उदाहरण आपल्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. त्याच्यासोबत होता जस्त फाँतेन, १९५८ च्या एकाच विश्वचषकात १३ गोल करणारा. एवढा मोठा खेळाडू स्वतःपुरता करार करून सुखात राहू शकला असता. तो युनियनचा पहिला अध्यक्ष झाला.

त्याच दशकात ही धुरा मिशेल हिडाल्गो याने सांभाळली. स्पॅनिश वंशाच्या धातुकामगाराचा हा मुलगा. १९५६ च्या पहिल्या युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यात रियल माद्रिदविरुद्ध त्याने गोल केला होता. युनियनच्या लढ्यामुळे १९६९ मध्ये ३५ वर्षांपर्यंतची ती बेडी तुटली आणि ठरावीक मुदतीचा करार आला. क्लबांनी तो मागे घेण्याचा प्रयत्न केला तेव्हा १९७२ मध्ये खेळाडू संपावर गेले आणि १९७३ मध्ये हक्कांची सनद झाली. हाच हिडाल्गो १९७६ ते १९८४ फ्रान्सचा प्रशिक्षक होता, आणि १९८४ मध्ये त्याच्या संघाने देशाला युरोपचे पहिले अजिंक्यपद मिळवून दिले. २०२० मध्ये तो वारला. युनियनमध्ये गेलेला खेळाडू वाया जातो, असे आपल्याकडे मुलांना सांगतात. हिडाल्गोकडे बोट दाखवा आणि विचारा, हा वाया गेला काय?

आता परत बाळूंकडे येऊ. चळवळीच्या वाचकाला त्यांचे नाव काढले की कडवट आठवण येते, ती मी लपवत नाही. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३५ च्या येवल्याच्या घोषणेला त्यांनी विरोध केला. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांनाच बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. ज्यांच्या हातून चहाचा कप घेतला नाही, त्यांचाच उमेदवार म्हणून उभे राहण्याची वेळ त्यांच्यावर आली. मी याला केवळ व्यक्तीचा दोष मानत नाही. ज्याच्या मागे स्वतःची संघटना नसते, त्याची उंची दुसऱ्याच्या कामी येते. १९५५ मध्ये त्यांचे निधन झाले. राजकीय मतभेद ठेवूनच आपण त्यांच्या १९२० च्या लढ्यावर आपला हक्क सांगितला पाहिजे.

कारण प्रश्न आजही तिथेच आहे. आपल्या देशात फुटबॉलपटूंची संघटना २००६ मध्ये बायचुंग भुतियाच्या पुढाकाराने झाली. क्रिकेटपटूंची झाली २०१९ मध्ये, तीही फक्त निवृत्त खेळाडूंची. कबड्डीत २०१४ पासून लीग आली, लाखांचे आकडे झळकले. पण ज्या पद्धतीने खेळाडू निवडतात तिला सगळे बिनदिक्कत 'लिलाव' म्हणतात. माणसांचा लिलाव! आणि त्या लिलावापर्यंत न पोहोचलेली, अलिबाग तालुक्यातल्या मातीत गुडघे फोडून घेणारी शेकडो मुले कुठल्याच हिशेबात नाहीत.

कायदाही स्पष्ट नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येत शिक्षक 'कामगार' बसत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात दिला. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या औद्योगिक संबंध संहितेत पत्रकार आणि विक्री प्रतिनिधी यांचा नावाने उल्लेख आहे, खेळाडूचा नाही. व्याख्येत जागा आपोआप मिळत नसते. पत्रकारांना ती मिळाली, कारण ते संघटित होते.

ज्या तालुक्यात चौल आहे, त्याच तालुक्यात चरी आहे. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून तिथल्या कुळांनी खोतांची जमीन कसण्यास नकार दिला आणि तो नकार सहा वर्षे टिकवला. बाबासाहेब त्या शेतकऱ्यांच्या पाठीशी उभे राहिले. १९३७ मध्ये त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि १९३८ मध्ये संपाचा हक्क हिरावणाऱ्या विधेयकाविरुद्ध गिरणी कामगारांसह मुंबई बंद केली. संपाचा हक्क हा स्वातंत्र्याचाच हक्क आहे, ही त्यांची भूमिका होती. ती कसणाऱ्याला लागू होते तशी चढाई करणाऱ्यालाही लागू होते.

त्या मुलाला मी शेवटी एवढेच सांगितले, "नोटीस मी पाठवतो, नुकसानभरपाईसाठी लढतो. पण तू एकटा येऊ नकोस. अशीच पत्रे खिशात असलेले अजून सहा जण शोध. सात जण जमले की युनियनच्या नोंदणीचा अर्ज करण्याचा विचार तरी करता येतो." तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दादा, जे अजून खेळताहेत ते सही करायला घाबरतील."

घाबरतील, हे खरे आहे. चरीचे कूळही घाबरले असेल, विठ्ठल आणि शिवरामही घाबरले असतील. येत्या रविवारी ही मुले विहारात जमणार आहेत. किती येतात ते पाहू. तालुक्यातल्या ज्या वाचकांच्या घरात असे पत्र असेल, त्यांनी आपल्या मुलाला त्या दिवशी मैदानाऐवजी तिकडे पाठवावे.