अठ्ठावीस ठोकळे आणि देवळालीचे कापरेकर गुरुजी

उन्हाळी शिबिरात सकाळची चिंता कुणालाच नसते. घोटीच्या परिसरात तर नाहीच. सकाळी मुलांना कळसूबाई चढायला नेता येते; पायथ्याचे बारी गाव घोटीहून भंडारदऱ्याला जाणाऱ्या रस्त्यावरच आहे. खरी अडचण जेवणानंतरची. दुपारच्या उन्हात मुलांना सोडता येत नाही आणि पडद्यासमोर बसवून ठेवण्यासाठी शिबिर नसते. या वेळेसाठी डॉमिनोसारखा खेळ नाही.

डॉमिनोचा जुना वंश चीनमधला. तिथल्या संचात ३२ ठोकळे असतात. युरोपात हा खेळ अठराव्या शतकात रुजला. आपल्याकडे मिळणाऱ्या नेहमीच्या संचात २८ आयताकृती ठोकळे असतात. प्रत्येकाचे दोन भाग, प्रत्येक भागावर शून्य ते सहा ठिपके. चौघांनी सात-सात ठोकळे घ्यायचे आणि टोकाशी जुळणारा ठोकळा लावत साखळी वाढवायची. जुळणारा नसेल तर पाळी सोडायची. ज्याचे ठोकळे आधी संपतील तो जिंकला. इतरांच्या हातात उरलेले ठिपके त्याचे गुण. नियम पाच मिनिटांत कळतात, म्हणून तिसरीतली मुलगी आणि नववीतला मुलगा एकाच डावात बसू शकतात. पुढे मोठी मुले कुणी कोणत्या अंकावर पाळी सोडली हे ध्यानात ठेवू लागतात आणि खेळाला धार येते.

संच विकत आणायची गरज नाही, मुलांनाच करू द्यावा. जाड पुठ्ठा, कात्री आणि ठिपक्यांसाठी टिकल्यांची पाकिटे एवढे पुरते. एका संचाला १६८ टिकल्या लागतात. त्या बोटांना जाणवतील अशा थोड्या उंच निवडल्या, तर दृष्टिहीन मूलही बरोबरीने खेळते. ठोकळे किती लागतील, हे मात्र आधी सांगू नये. शून्य सातांशी जोडला जातो, एक उरलेल्या सहांशी, दोन पाचांशी… अशी बेरीज करत मुले आपणच २८ पर्यंत येतात.

आता एक करामत. शिबिरताईंनी २-५ हा ठोकळा गुपचूप खिशात टाकावा आणि उरलेल्या सगळ्यांची एकच साखळी लावायला सांगावी. मुले अडतील, मोडतील, पुन्हा लावतील. साखळी पुरी होण्याआधीच ताईंनी सांगून टाकावे : एका टोकाला दोन येईल, दुसऱ्याला पाच. येतेच! संचात प्रत्येक अंक आठ वेळा असतो आणि साखळीत सारखे अंक जोडीने भेटतात. २-५ काढला की दोन आणि पाच सात-सात वेळा उरतात; दोघांचाही एकेक भाग जोडीविना राहतो आणि टोकाला जातो. फक्त ३-३ सारखा दुहेरी ठोकळा लपवू नये. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून फिरता येईल का, हे क्योनिग्जबर्गच्या सात पुलांचे कोडे १७३६ मध्ये गणितज्ञ ऑयलरने सोडवले, ते याच सम-विषमाच्या विचाराने.

ठोकळ्यांची दुसरी करामत जवळचीच आहे. घोटीहून नाशिकच्या दिशेने निघालेली रेल्वे देवळालीवरून जाते. तिथल्या शाळेत १९३० ते १९६२ दत्तात्रय रामचंद्र कापरेकर शिकवत होते. डहाणूत १९०५ साली जन्मलेले हे गुरुजी ‘गणितानंद’ म्हणून ओळखले जात. ६१७४ या संख्येचा त्यांचा शोध जगभर गेला आणि तो डॉमिनोच्या ठोकळ्यांवर छान करून पाहता येतो. कोणतेही दोन ठोकळे शेजारी ठेवा. चार अंक मिळाले. ३-५ आणि २-४ घेतले तर ३५२४. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने, आणि वजाबाकी करा : ५४३२ वजा २३४५, उरले ३०८७. पुन्हा तेच : ८७३० वजा ०३७८, उरले ८३५२. आणखी एकदा : ८५३२ वजा २३५८, उरले ६१७४. आता कितीही वेळा करा, ६१७४च येते. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ही संख्या गाठली जाते. मधले शून्य तेवढे टाकायचे नाही. अट एकच, चारही अंक सारखे नसावेत. दोन वेगळ्या ठोकळ्यांवर ते कधीच सारखे येत नाहीत, त्यामुळे डॉमिनोवर हा प्रयोग फसत नाही.

आपल्या तालुक्याशेजारच्या शाळेतला एक शिक्षक केवळ अंकांशी खेळत जगाच्या गणितात पोचला, ही गोष्ट घोटीच्या मुलांना ठोकळे हातात असतानाच सांगावी. शिबिर संपताना प्रत्येक गटाला आपला संच घरी न्यायला द्यावा. सुट्टीचे पुढचे दिवस भावंडे आणि आजी-आजोबा खेळायला बसतील, आणि टोकाला कोणता अंक येणार हे सांगण्याचा मान त्या घरातल्या मुलाला मिळेल.