औद्योगिक भूदृश्यातील रेषा

कारखाने, धुराडी, लोहमार्ग, रस्ते, कालवे, वीजवाहक तारा इत्यादींनी घडलेल्या परिसराला दृश्य आकार देणारा मूलभूत घटक. भूदृश्यात रेषा तीन प्रकारांनी प्रतीत होते : दोन पृष्ठे जेथे भिडतात ती कड (उदा., डोंगर व आकाश यांमधील क्षितिजरेषा), बारीक व लांबट वस्तू (उदा., तार, रूळ), आणि सारख्या अंतरावर उभ्या असलेल्या वस्तूंची ओळ (उदा., खांब). शेतीप्रधान भूदृश्यात पहिला प्रकार मुख्य असतो, तर औद्योगिक भूदृश्यात दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारांचे प्राबल्य आढळते. या रेषा शोभेसाठी आखलेल्या नसतात. पाणी, वजन, वीज, उष्णता यांच्या वहनाच्या गरजेतून त्या निर्माण होतात. म्हणूनच त्यांच्या आकारावरून त्यांचे कार्य ओळखता येते.

रेषा आणि उतार : भूमीचा चढउतार कितपत सोसता येतो, यावर औद्योगिक रेषेचे वळण मुख्यतः अवलंबून असते. कालव्यातील पाणी गुरुत्वाकर्षणाने वाहते. कालव्यास हजारो मीटर लांबीत अल्पसाच उतार देता येत असल्याने तो समोच्च रेषेला धरून नागमोडी जातो. लोहमार्ग त्याहून सरळ असतो; तथापि चाक व रूळ यांतील घर्षण कमी असल्यामुळे त्यालाही तीव्र चढ झेपत नाही. बोरघाटात ३७ मीटरला एक मीटर हा चढ भारी मानला जातो, तो यामुळेच. रस्ता त्याहून अधिक चढ घेतो, तर वीजवाहक तार जमिनीची फारशी पर्वा न करता मनोऱ्यावरून मनोऱ्याकडे जाते. अशा रीतीने कालवा, लोहमार्ग, रस्ता व तार या क्रमाने रेषा भूमीपासून अधिकाधिक स्वतंत्र होत जाते. औद्योगिक भूदृश्याच्या वाचनाचे हे मुख्य सूत्र होय.

कासुर्डी परिसर : पुणे जिल्ह्याच्या दौंड तालुक्यात पुणे–सोलापूर महामार्गावर उरुळी कांचन व यवत यांच्या दरम्यान कासुर्डी हे गाव आहे. येथील सपाट पट्ट्यात वरील सर्व रेषा अल्प अंतरात पहावयास मिळतात. दक्षिणेकडे भुलेश्वरच्या डोंगररांगेची कड ही येथील सर्वांत जुनी व स्थिर रेषा. पुण्यापासून डिकसळपर्यंतचा लोहमार्ग १८५८ मध्ये सुरू झाला, तेव्हा या पट्ट्यात पहिली दीर्घ सरळ रेषा अवतरली. खडकवासला धरणातून निघणारा सु. २०२ किमी. लांबीचा नवा मुठा उजवा कालवा हवेली, दौंड व इंदापूर या तालुक्यांतून जातो. त्याच्या पाण्यावर ऊस वाढला आणि उसामागून साखर कारखाने व गुऱ्हाळे आली. कालव्याची आडवी रेषा व गुऱ्हाळाच्या धुराड्याची उभी रेषा यांत असा कार्यकारणसंबंध आहे. याच तालुक्यातील कुरकुंभ आणि भीमेपलीकडील शिरूर तालुक्यातील रांजणगाव येथील औद्योगिक क्षेत्रांनी पत्र्याच्या लांबलचक छपरांची भर घातली. पुणे–दौंड लोहमार्गाचे विद्युतीकरण २०१७ मध्ये झाल्यावर रुळांच्या जोडीला तारांची व खांबांची दुसरी रेषामालिका उभी राहिली.

दिशा व परिणाम : आडवी रेषा विसावा व विस्तार सुचविते, उभी रेषा उंची व प्रतिकार, तर तिरपी रेषा गती. सपाट प्रदेशात उभी रेषा विरळ असल्याने एखादे धुराडेही दुरून खुणेचे काम करते. धुराडे उंच असते ते आतील उष्ण वायूला पुरेसा ओढा मिळावा व धूर वरच्या वर पांगावा म्हणून. गुऱ्हाळात काहिलीखाली चिपाडे पेटली, की धुराड्यापासून निघणारी धुराची रेषा वाऱ्याची दिशा दाखविते. या परिसरातील ती एकमेव क्षणभंगुर रेषा होय. तिरप्या रेषेचे उत्तम उदाहरण म्हणजे जुन्या कापडगिरण्यांची करवतीच्या दात्यांसारखी छपरे. आपल्या अक्षांशात उत्तरेकडून बहुधा मंद व एकसारखा उजेड मिळतो, म्हणून दात्याची उभी बाजू काचेची करून ती उत्तराभिमुख ठेवीत.

वक्र रेषाही येथे आहे. दोन आधारांमध्ये टांगलेली तार स्वतःच्या वजनाने झुकते व उन्हाळ्यात प्रसरण पावून अधिक खाली येते. लोहमार्गावर मात्र विद्युत्‌ग्राहकाला लागणारी तार जवळजवळ समपातळीत हवी असते. म्हणून वरच्या झुकलेल्या तारेपासून लहानमोठ्या दोऱ्यांनी ती टांगतात. एकाच रचनेत वक्र व सरळ रेषा एकमेकींना सावरतात, हे तेथे उघड्या डोळ्यांनी दिसते.

लय व यथादर्शन : रुळांमधील अंतर सर्वत्र १,६७६ मिमी. असूनही ते दूर एका बिंदूत मिळाल्याचा भास होतो. सरळ मार्गावर विद्युत्‌खांबांतील अंतर जास्तीत जास्त ७२ मी. ठेवतात. दूरचे खांब जवळजवळ येत गेल्यासारखे दिसतात, त्यावरून डोळा अंतराचा अदमास घेतो. धावत्या गाडीतून पाहताना जवळचे खांब झपाट्याने मागे पडतात आणि डोंगराची कड मात्र सोबत चालल्यासारखी वाटते. यावरून रेषेचा परिणाम पाहणाऱ्याच्या स्थानावरही अवलंबून असतो, हे स्पष्ट होते. प्रवाशाला जी रेषा वाट दाखविते, तीच तिच्या अलीकडे घर व पलीकडे शेत असलेल्या माणसाला अडसर ठरू शकते.

कलेतील आविष्कार : जे. एम. डब्ल्यू. टर्नर याने १८४४ मध्ये प्रदर्शित केलेल्या पाऊस, वाफ व वेग या विषयावरील चित्रात लोहमार्गाच्या पुलाच्या तिरप्या रेषांनी गतीचा प्रत्यय दिला. चार्ल्स शीलर (१८८३–१९६५) याने १९२७ मध्ये फोर्डच्या रिव्हर रूझ कारखान्याची छायाचित्रे घेतली. बर्न्ड व हिला बेखर या जर्मन दांपत्याने १९५९ पासून पाण्याच्या टाक्या, भट्ट्या इत्यादींची समोरून, ढगाळ उजेडात छायाचित्रे घेऊन त्यांच्या बाह्यरेषांची तुलना शक्य केली. भारतात मित्तर बेदी (१९२६–८५) यांनी औद्योगिक छायाचित्रणाला प्रतिष्ठा मिळवून दिली. सुधीर पटवर्धन (जन्म १९४९) यांच्या लोअर परळ (२००१) या चित्राचा विषय मुंबईचा गिरणगाव आहे. १९८२ च्या संपानंतर त्या भागातील गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. काही धुराडी टिकली. परंतु शेजारी गगनचुंबी इमारती उठल्यावर त्यांची उंची खुणेची राहिली नाही. रेषा शाबूत राहूनही तिचा अर्थ कसा हरपतो, याचे हे उदाहरण आहे.

नियोजनातील महत्त्व : नवा रस्ता, गोदाम वा वीजवाहिनी आखताना खर्च व भूसंपादन यांचा हिशेब होतो, दृश्य परिणामाचा विचार सहसा मागे पडतो. वस्तुतः काही साध्या उपायांनी पुष्कळ साधते. छपराची आडवी कड डोंगराच्या कडेखाली राहील अशी उंची ठेवणे, वीजवाहिन्या शक्यतो एकाच पट्ट्यातून नेणे, जाहिरातफलकांनी क्षितिजरेषा तुटू न देणे, आणि बांध, ओढे व पायवाटा जेथे छेदल्या जातात तेथे भुयारी वाट किंवा मोरी ठेवणे, हे त्यांपैकी होत. शेवटचा उपाय केवळ दृश्य नव्हे. पाण्याची व माणसांची जुनी वाट त्यामुळे खुली राहते. गावाची ओळख बऱ्याच अंशी अशाच जुन्या रेषांत साठविलेली असते. त्या न पुसता नवी रेषा आखता येते का, हा औद्योगिक भूदृश्याच्या अभ्यासातील कळीचा प्रश्न आहे.