गाडी आधी, लायसन मागून : विम्याचा कागद कोणाला तारतो?



उसाचे बिल बँकेत जमा झाले, की तरणी पोरे असलेल्या घरात मोटारसायकलचा विषय निघतोच. पाडवा, अक्षय्य तृतीया नाहीतर दसरा असा मुहूर्त धरून गाडी दारात येते. हार पडतो, चाकाखाली लिंबू ठेवले जाते, आळीत पेढे वाटले जातात. यात वावगे काही नाही. डेअरीला दूध घालायचे, रात्रीच्या लाइटला मोटार चालू करायला विहिरीवर जायचे, तोडीची चौकशी करायला गट कार्यालय गाठायचे, तर दोन चाकांवाचून आता शेतकऱ्याचे चालत नाही. फक्त एक गोष्ट हमखास मागे राहते. ती म्हणजे लायसन. "गाडी येऊ दे, मग शिकू, शिकलो की लायसन काढू," असा आपला सरधोपट हिशेब.

मग विचारणा होते, की लायसन नसताना गाडीचा विमा उतरतो का? उतरतो. पण त्याच्या पाठोपाठ आणखी एक प्रश्न विचारायला हवा आणि तो सहसा कोणी विचारत नाही. उतरलेला विमा वेळेला नेमका कोणाच्या कामाला येतो? या प्रश्नाच्या उत्तरात घरादाराचे बरेवाईट अडकलेले आहे. म्हणून या अंकात हा विषय जरा सविस्तर मांडत आहोत.

कागद एक, विमे तीन

गाडी विकत घ्यायला किंवा तिचे पासिंग करायला मालकाकडे लायसन पाहिजे, अशी अट मोटार वाहन कायद्यात नाही. शोरूमवाला पैसे घेतो, विमा उतरवतो, पासिंगची कागदपत्रे करतो आणि किल्ली हातात देतो. त्यामुळे "सगळं रीतसर झालं" अशी आपली समजूत होते. पण ज्याला आपण एक विमा समजतो, त्या कागदात तीन वेगवेगळे विमे असू शकतात. ते तिन्ही सुटे करून पाहिले पाहिजेत.

पहिला तिऱ्हाइताचा, म्हणजे थर्ड पार्टी विमा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ प्रमाणे तो सक्तीचा आहे. आपल्या गाडीमुळे रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाला इजा झाली, तो दगावला किंवा त्याच्या मालाचे नुकसान झाले, तर त्याची भरपाई यातून होते. १ सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना हा विमा पाच वर्षांचा एकदम उतरवावा लागतो. १ जून २०२२ पासून लागू केलेल्या दरपत्रकात ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला पाच वर्षांचे ३,८५१ रुपये आणि १५० ते ३५० सीसीच्या दुचाकीला ७,३६५ रुपये धरले होते, कर वेगळा. हा विमा उतरवताना मालकाच्या लायसनची अडचण येत नाही. पण ध्यानात ठेवा, हा विमा दुसऱ्यासाठी आहे. गाडी चालवणाऱ्या मालकाला त्यातून एक पैसा मिळत नाही. नुसता एवढाच विमा असेल, तर मागे बसलेल्या माणसाचीही जबाबदारी कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सांगितले आहे.

दुसरा आपल्या गाडीच्या नुकसानीचा. मोडतोड, आग, चोरी, पूर यांची भरपाई यातून होते. थर्ड पार्टीसह हा घेतला, की लोक त्याला 'फुल विमा' म्हणतात. यात मागे बसणाराही येतो. हाही विमा लायसन नसताना उतरतो. अंगणात उभी केलेली गाडी चोराने नेली, तर चालवणाऱ्याच्या लायसनचा प्रश्नच येत नाही. पण गाडी रस्त्यावर पडली, मोडली, तर कंपनी पहिला कागद मागते तो चालवणाऱ्याच्या लायसनचा. पॉलिसीत 'ड्रायव्हर क्लॉज' म्हणून एक कलम छापलेले असते. अपघाताच्या वेळी चालवणाऱ्याकडे त्या प्रकारच्या गाडीचे चालू लायसन असले पाहिजे, असे ते कलम सांगते. ते नसेल, तर दुरुस्तीचा खर्च आपल्याच खिशातून.

तिसरा विमा मालकाच्या स्वतःच्या जिवाचा. २०१८ साली विमा नियामक प्राधिकरणाने त्याची रक्कम १५ लाख रुपये केली आणि वर्षाचा हप्ता ७५० रुपये ठरवून दिला. त्याआधी दुचाकीच्या मालकाला हे संरक्षण अवघे १ लाखाचे होते. मालक अपघातात गेला, तर घरच्यांना १५ लाख. दोन्ही हात, दोन्ही पाय किंवा दोन्ही डोळे गेले तरी पूर्ण रक्कम. एक हात, पाय किंवा डोळा गेला तर निम्मी. घराच्या दृष्टीने तिन्हींत मोलाचा विमा हाच. आणि नेमका हाच विमा लायसन नसलेल्या मालकाला देता येत नाही. नोंदणीकृत मालक आणि त्याच्याजवळ चालू लायसन, या दोन्ही गोष्टी जुळल्या तरच तो लागू होतो. फॉर्म भरताना घाईघाईत "लायसन आहे" असे लिहून हप्ता भरला, तर पावती मिळेल. पण वेळ आली, की त्या पावतीला रद्दीची किंमत.

थोडक्यात, लायसन नसताना विमा उतरवला तर रस्त्यावरचा परका माणूस राखला जातो, उभी गाडी राखली जाते. राखला जात नाही तो फक्त गाडीवर बसलेला आपला माणूस.

कंपनी भरते, मग सातबारा शोधते

कोणी म्हणेल, "निदान थर्ड पार्टीचे तरी कंपनी भरेल ना?" भरेल, पण पुढचे ऐका.

नॅशनल इन्शुरन्स कंपनी विरुद्ध स्वर्णसिंग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी ५ जानेवारी २००४ रोजी निकाल दिला. चालवणाऱ्याकडे लायसन नव्हते एवढ्यावरून कंपनीला सुटता येणार नाही. मालकाने जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने अट मोडली, हे तिने सिद्ध केले पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. ते सिद्ध झाले, तरी जखमीला किंवा मयताच्या वारसांना आधी कंपनीने पैसे द्यावेत आणि मग ते गाडीच्या मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश न्यायाधिकरण देऊ शकते. मोटार अपघाताच्या दाव्यांत ही वाट आता नेहमीची झाली आहे.

आता मालक स्वतःच लायसनवाचून गाडीवर बसला असेल, किंवा पोराला लायसन नाही हे ठाऊक असून बापाने किल्ली दिली असेल, तर "मला माहीत नव्हते" असे तो कोणत्या तोंडाने सांगणार? वसुली कशी होते, तेही सभासदांनी समजून घ्यावे. कायद्याच्या कलम १७४ प्रमाणे न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे दाखला पाठवते आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. कमावत्या माणसाच्या मृत्यूची भरपाई लाखांत जाते. म्हणजे गाडीसाठी नाही, पण गाडीपायी जमिनीवर बोजा येतो. उसाच्या एका बिलातून घेतलेली गाडी पुढच्या किती बिलांना पुरून उरेल, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

मागून आणलेल्या गाडीचेही तसेच. २००९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे कर्नाटकातले एक प्रकरण आले. एक जण दुसऱ्याची मोटारसायकल घेऊन गावी निघाला होता. पुढे लोखंडी पत्रे भरलेली बैलगाडी एकाएकी थांबली, त्याची गाडी तिच्यावर आदळली आणि तो दगावला. वारसांनी त्याच मोटारसायकलच्या विमा कंपनीकडे भरपाई मागितली. न्यायालयाने सांगितले, की गाडी मागून आणणारा मालकाच्या जागी उभा राहतो. तो तिऱ्हाईत नव्हे, म्हणून त्या कलमाखाली त्याच्या वारसांना मागता येत नाही. दुसऱ्या कलमाखाली काही देता येईल का, हे पाहण्यासाठी प्रकरण उच्च न्यायालयाकडे परत गेले. गळीत हंगामात आपल्या रस्त्यांवर टायरगाड्या आणि उसाने भरलेल्या ट्रॉल्या रात्रंदिवस असतात. असा प्रसंग आपल्यापासून किती दूर आहे, हे वेगळे सांगायला नको.

शिकाऊ लायसन हेही लायसनच

मग गाडी शिकायची तरी कशी? त्याची वाट कायद्यानेच ठेवली आहे. २००४ च्या त्याच निकालात शिकाऊ लायसन हेही कायद्याच्या दृष्टीने लायसनच आहे आणि ते असताना अपघात झाला तर कंपनीची जबाबदारी राहते, असे स्पष्ट सांगितले आहे. पॉलिसीतल्या ड्रायव्हर क्लॉजमध्येही शिकाऊ लायसनवाला बसतो. अट एवढीच, की १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ३ पाळला पाहिजे. तो नियम असा : गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर लाल रंगात 'एल' अक्षर, सोबत पक्के लायसन असलेला शिकवणारा, आणि त्याच्याशिवाय मागे दुसरे कोणी बसवायचे नाही. म्हणजे शिकाऊ लायसनवर मंडळींना घेऊन बाजाराला जायचे नाही की मित्राला घेऊन जत्रेला जायचे नाही.

शिकाऊ लायसन सहा महिने चालते. ते मिळाल्यापासून तीस दिवस झाले, की पक्क्या लायसनची परीक्षा देता येते. शिकाऊ लायसनची परीक्षा आता आधार क्रमांकावर घरबसल्या ऑनलाइन देता येते. वय चाळीसच्या पुढे असेल, तर डॉक्टरचा दाखला लागतो. पक्क्या लायसनसाठी मात्र आरटीओपुढे गाडी चालवून दाखवावी लागते. तालुक्याच्या ठिकाणी आरटीओचे शिबिर कधी भरते, तेवढी चौकशी करून ठेवावी.

दोन गैरसमज इथेच काढून टाकू. एक, "माझ्याकडे ट्रॅक्टरचे लायसन आहे, मोटारसायकल त्यात आलीच." नाही आली. गिअरच्या मोटारसायकलची नोंद लायसनवर वेगळी असावी लागते. बिनगिअरच्या स्कूटरच्या लायसनवरही ती चालत नाही. दुसरा, "आम्ही हमरस्त्याला जातच नाही, पाणंदीतच फिरवतो." लोकांना जाण्यायेण्याचा हक्क असलेली पाणंद ही कायद्याने सार्वजनिक जागाच आहे. तिथेही लायसन लागते आणि तिथेही माणूस आडवा येतो.

गाडी कोणाच्या नावावर?

आपल्याकडे बिल बापाच्या खात्यावर, म्हणून गाडीही बापाच्या नावावर आणि फिरवणार मुलगा. यात १५ लाखांचा विमा कोणालाच लागू होत नाही. बापाला लायसन नाही आणि मुलगा मालक नाही. मुलगा सज्ञान असेल आणि गाडी त्यानेच वापरायची असेल, तर त्याचे लायसन काढून गाडी त्याच्याच नावावर घेणे शहाणपणाचे.

मुलगा अठराच्या आतला असेल, तर विषय संपला. सोळा पूर्ण झालेल्या मुलाला फक्त ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी, तीही लायसन काढून, चालवता येते. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीप्रमाणे अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला, तर पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन मिळत नाही. विनालायसन चालवणे आणि विनालायसन माणसाच्या हाती गाडी देणे, या दोन्हींसाठी त्याच दुरुस्तीने प्रत्येकी ५,००० रुपये दंड ठेवला आहे. विमा नसेल तर पहिल्या वेळी २,००० आणि पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये दंड, शिवाय कैदेचीही तरतूद आहे.

मुहूर्ताआधी एवढे करा

पाडव्याला गाडी घ्यायची असेल, तर पौषातच शिकाऊ लायसन काढा. घरातल्या किंवा भावकीतल्या लायसनवाल्या माणसाच्या गाडीवर, एल पाटी लावून आणि त्याला मागे बसवून शिका. महिना झाला, की पक्की परीक्षा द्या. मुहूर्तापर्यंत लायसन हातात असेल.

लायसनच्या आधी गाडी घ्यावीच लागली, तर शोरूममधून घरी आणायला लायसनवाला माणूस न्या. विम्याच्या फॉर्मवर लायसनबद्दल खरे तेच लिहा. शिकाऊ लायसन असेल, तर १५ लाखांचा विमा त्यावर लागू होतो का, हे कंपनीकडून लेखी घ्या. पक्के लायसन मिळाले, की दुसऱ्याच दिवशी त्याची प्रत देऊन तो विमा जोडून घ्या. पाच वर्षांचा म्हणून उतरवला जातो तो थर्ड पार्टी विमा. बाकीचे दोन वर्षाचेच असतील, तर त्यांची तारीख दिनदर्शिकेवर मांडून ठेवा. आणि गाडी दारात उभी असली, तरी लायसन येईपर्यंत किल्ली घरातल्या कर्त्या बाईच्या हवाली करा. पोराच्या हट्टापुढे बाप पाघळतो. आई सहसा पाघळत नाही.

गाडीच्या किमतीपुढे लायसनचा खर्च चहापाण्याएवढा आणि वेळ महिनाभराचा. आडसाली लावून अठरा महिने तोडीची वाट पाहणाऱ्या माणसाला हा एक महिना जड जाऊ नये. सभासदांनी हा मजकूर घरातल्या तरुण मुलामुलींना वाचून दाखवावा, एवढीच विनंती.