रूम हीटर घेताय? आधी ठरवा, खोली गरम करायची आहे की माणूस!

डिसेंबर-जानेवारीत पुण्याचा पारा १० अंशांखाली उतरला की कर्वेनगरातल्या फ्लॅटमध्येही पहाटे फरशीवर पाय ठेववत नाही. मग हीटरची शोधाशोध सुरू होते. दुकानात तीन-चार प्रकार दिसतात. त्यांच्यात खरा फरक असतो तो ऊब तुमच्यापर्यंत कशी पोहोचते याचा.

हॅलोजन किंवा रॉडचा हीटर
याची ऊब उन्हासारखी थेट अंगावर येते. समोर बसलात की लगेच बरं वाटतं, बाजूला सरकलात की संपलं. खोलीतली हवा फारशी तापत नाही. एकट्याने अभ्यास करणाऱ्याला हा पुरतो.

ब्लोअर
आतली तार तापते आणि पंखा गरम हवा खोलीभर फेकतो. छोटी खोली पटकन गरम होते, पण बंद केला की गारही तितक्याच पटकन होते. शिवाय पंख्याचा आवाज असतोच.

ऑइल हीटर
यातलं तेल जळत नाही, नुसतं तापतं. त्याच्या पत्र्यांजवळची हवा गरम होऊन वर जाते, गार हवा खाली येते आणि हळूहळू सगळी खोली तापते. वेळ लागतो, पण बंद केल्यावरही ऊब काही काळ टिकते. आजी-आजोबांच्या किंवा बाळाच्या खोलीसाठी हा सोयीचा.

वीजबिल कोणाचं कमी?
हे तिन्ही हीटर एक युनिट विजेतून एक युनिटच उष्णता देतात. २००० वॅटचा कोणताही हीटर तासभर पूर्ण क्षमतेने चालला की २ युनिट जळणारच. ‘हॉट अँड कोल्ड’ एसीचं गणित वेगळं आहे. तो बाहेरच्या हवेतली उष्णता खेचून घरात आणतो, म्हणजे फ्रिजचंच काम उलट्या दिशेने. त्यामुळे पुण्यासारख्या थंडीत एका युनिटमागे साधारण तीन युनिट उष्णता मिळू शकते. मात्र एसीची किंमत बरीच जास्त असते.

इथे चूक नको
२००० वॅटचा हीटर जवळपास ९ अँपिअर वीज ओढतो. तो ६ अँपिअरच्या सॉकेटवर किंवा साध्या एक्स्टेन्शन बोर्डवर लावला, तर वायर तापून आग लागू शकते. १६ अँपिअरचा सॉकेटच वापरा. हीटरवर कपडे वाळत घालू नका.

कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीच नको. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला जागही न येता तो जीव घेऊ शकतो. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरचा धोकाही हाच.

आणि बिनखर्चाचा उपाय? दुपारी पडदे उघडून ऊन आत घ्या, सूर्य मावळायच्या आत खिडक्या लावा आणि दाराखालच्या फटीला जुनी चादर गुंडाळून लावा. हीटर लावणार असाल, तर मात्र थोडी हवा खेळती राहू द्या.