आकाशातून उडी : समज आणि गैरसमज

‘गैरसमज’ या मराठी शब्दातला ‘गैर’ तुमच्या घरचाच आहे. उर्दूतल्या ‘गैरहाजिर’ या शब्दात जो ‘गैर’ आहे, तोच हा. जी समजूत बरोबर नाही, तो गैरसमज. पॅराशूट म्हणजे हवाई छत्री बांधून विमानातून मारलेल्या उडीविषयी असे गैरसमज पुष्कळ आहेत. त्यांतले बरेच चित्रपटांतून आले आहेत. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातली माहिती नीट वापरली, तर त्यांतले बहुतेक दूर होतात.

आधी ही उडी कशी असते ते पाहू. पहिल्यांदा उडी मारणारा माणूस एकटा उडी मारत नाही. त्याच्या अंगाला मजबूत पट्टे बांधतात. ते पट्टे मागच्या प्रशिक्षकाच्या पट्ट्यांना चार ठिकाणी, दोन्ही खांद्यांजवळ आणि दोन्ही कमरेजवळ, कड्यांनी जोडतात. दोघांची मिळून एकच छत्री असते आणि ती प्रशिक्षकाच्या पाठीवर असते. अशा उडीला ‘टँडम उडी’ म्हणतात. एकामागे एक असे दोघे जिच्यावर बसतात, त्या सायकलीलाही टँडम सायकल म्हणतात. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात बिल बूथ आणि टेड स्ट्राँग या दोन छत्री बनवणाऱ्यांनी 1980 नंतरच्या काही वर्षांत या उडीचे साहित्य तयार केले. 1984 साली तिथल्या हवाई वाहतूक खात्याने अशा उड्यांना प्रयोग म्हणून परवानगी दिली. 2001 साली त्यांचे कायमचे नियम झाले.

विमान साधारण तीन ते चार हजार मीटर उंचीवर जाते. उडी मारल्यावर पाऊण ते एक मिनिट दोघे छत्री न उघडता खाली येतात. सुमारे दीड हजार मीटर उंचीवर मोठी छत्री उघडते. मग चार-सहा मिनिटांत ते जमिनीवर उतरतात.

आता पहिला गैरसमज. खाली येताना श्वास घेता येत नाही, असे अनेकांना वाटते. तसे नाही. चार हजार मीटर उंचीवर हवा विरळ असते, पण श्वासाला पुरते. लेह शहर सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे आणि तिथे लोक कायमचे राहतात. मग श्वास का अडकतो? कारण नवखा माणूस भीतीने तो स्वतःच रोखून धरतो. त्यावर प्रशिक्षकांचा उपाय सोपा आहे. ते सांगतात, “जोरात ओरडा!” ओरडायचे तर श्वास सोडावा लागतो, आणि सोडला की पुढचा आपोआप आत येतो.

दुसरा गैरसमज पोटाविषयी. जत्रेतला आकाशपाळणा खाली येऊ लागला, की पोटात खड्डा पडतो. विमानातून उडी मारल्यावर तो हजारपटीने पडेल, असे वाटते ना? प्रत्यक्षात बहुतेकांना तसे काही फारसे जाणवत नाही. पाळणा वर क्षणभर थांबतो आणि एकदम खाली येतो. विमान मात्र थांबलेले नसते. ते वेगाने पुढे जात असते आणि आत बसलेल्या माणसालाही तोच वेग असतो. दाराबाहेर पडताच समोरून जोराचा वारा अंगावर येतो. पुढे जाण्याचा वेग हळूहळू कमी होतो, तसा खाली येण्याचा वाढत जातो.

“पण हा वेग वाढतच गेला तर?” असा प्रश्न तुमच्यापैकी कोणीतरी विचारेल. प्रश्न चांगला आहे. वेग वाढतो तसा हवेचा विरोधही वाढतो. विरोध वजनाइतका झाला, की वेग वाढायचा थांबतो. एकट्या माणसाच्या बाबतीत हे ताशी सुमारे 190 ते 200 किलोमीटरला घडते. टँडम उडीत वजन दोघांचे असते. पण एक जण दुसऱ्याच्या पोटाखाली असल्यामुळे वाऱ्याला अडवणारे अंग मात्र दुप्पट होत नाही. म्हणून ही जोडी याहून बरीच जोरात खाली आली असती. ते टाळण्यासाठी प्रशिक्षक उडीनंतर लगेच एक लहान छत्री मागे सोडतो. ती वाऱ्यात ओढली जाते आणि जोडीचा वेग एकट्या माणसाइतका ठेवते. चित्रफितीत ही लहान छत्री पाहून काहींना वाटते, की मोठी छत्री उघडायला गेली आणि फसली!

चित्रफितींनी आणखी एक फसवणूक केली आहे. छत्री उघडताच माणूस झटक्याने वर उडाला, असे त्यांत दिसते. खरे तर कोणी वर जात नाही. जोडीचा वेग कमी होतो आणि चित्रण करणारा मात्र त्याच वेगाने खाली जात राहतो. तुमची एस.टी. पुढे धावत असताना शेजारच्या गाडीने ब्रेक लावला, तर ती मागे गेल्यासारखी वाटते. तसेच हे.

सर्वांत मोठी भीती असते ती छत्री न उघडण्याची. पण पाठीवर छत्र्या दोन असतात, एक मुख्य आणि एक राखीव. अमेरिकेत राखीव छत्री परवानाधारक कारागिराने तपासून घडी घालावी लागते आणि ती 180 दिवसांपेक्षा जुनी चालत नाही. प्रशिक्षकच बेशुद्ध पडला तर? त्यासाठी एक छोटे यंत्र असते. खाली येताना हवेचा दाब वाढतो. दाब किती झपाट्याने वाढतो, यावरून यंत्राला वेग कळतो. ठरावीक उंचीच्या खालीही वेग कमी झालेला नसेल, तर ते स्वतःच राखीव छत्री सोडते.

मग धोका नाहीच का? आहे. ‘काही होत नाही’ असे सांगणाराही गैरसमजच पसरवत असतो. अमेरिकेतील छत्रीधारकांच्या संघटनेच्या नोंदीनुसार 2021 साली त्या देशात सर्व प्रकारच्या मिळून 35 लाखांहून अधिक उड्या झाल्या आणि 10 माणसे मरण पावली. हे प्रमाण फार कमी आहे, पण ते शून्य नाही. अशा अपघातांपैकी बरेच छत्री चांगली उघडल्यानंतर, जमिनीवर उतरताना होतात, ही लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे. नवख्या माणसाची सगळी भीती आकाशात असते आणि जमीन जवळ आली, की तो निर्धास्त होतो. प्रशिक्षकाने सांगितलेले असते, “गुडघे छातीकडे घ्या, पाय वर उचला.” आनंदाच्या भरात हा गडी पाय खाली सोडतो आणि घोटा मोडून घेतो. विमानात बसण्यापूर्वी जमिनीवर पाय उचलण्याचा सराव करून घेतात, तो यासाठीच. काही जण तो हसत हसत उरकतात. मला विचाराल, तर त्या दिवसातला सर्वांत महत्त्वाचा धडा तोच.

दुसरी चूक वजनाची. छत्री किती भार पेलेल, हे ठरलेले असते. तरी काही जण लाजेपोटी वजन कमी सांगतात. सर्दीचेही तसेच. नाक-कान बंद असताना हवेचा दाब झपाट्याने वाढला, की कान फार दुखतो. हृदयाचा किंवा पाठीचा आजार लपवणे तर त्याहून वाईट.

हा केवळ तरुणांचा खेळ आहे, असेही नाही. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांनी 12 जून 2014 रोजी, आपल्या 90 व्या वाढदिवशी, अशीच टँडम उडी मारली. तेव्हा ते चाकांच्या खुर्चीत होते. त्यांची पहिली उडी मात्र हौसेची नव्हती. 1944 साली, विसाव्या वर्षी, शत्रूच्या गोळ्यांनी पेटलेल्या विमानातून त्यांना पॅसिफिक महासागरावर उडी घ्यावी लागली होती. अमेरिकेत टँडम उडीसाठी वयाची 18 वर्षे पूर्ण लागतात, तेव्हा तुम्हांला थोडे थांबावे लागेल!

अशी एक उडी मारली, की आपल्याला एकट्याने उडी मारता येते, असे मात्र समजू नका. टँडम उडीत सगळे काम प्रशिक्षक करतो. आपल्या पुण्याच्या शीतल महाजन यांनी 2004 साली उत्तर ध्रुवावर उडी मारली, ती एकट्याने. ते काम वेगळे.

राहिला शेवटचा गैरसमज. विमानात एकदा बसले, की परत फिरता येत नाही आणि दारात घाबरणाऱ्याला ढकलून देतात, असे पुष्कळांना वाटते. चांगला प्रशिक्षक तसे करत नाही. तो दारापाशी विचारतो, “तयार?” उत्तर ‘नाही’ आले, तर तो पुन्हा आत सरकतो आणि दोघे विमानातूनच खाली येतात.