निकालांचा शोध आणि संबंधित माहितीची मांडणी

नवी दिल्ली - सर्वोच्च न्यायालयाचे निकाल वकील, विद्यार्थी आणि सामान्य नागरिकांना विनामूल्य पाहता यावेत, यासाठी २ जानेवारी २०२३ रोजी 'ई-एससीआर' हा प्रकल्प सुरू करण्यात आला. आरंभीच सुमारे ३४ हजार निकालपत्रे त्यावर उपलब्ध झाली. मजकुरातील शब्द, वर्ष, न्यायाधीशांचे नाव किंवा पीठातील सदस्यसंख्या देऊन त्यात शोध घेता येतो. निकालपत्रांच्या अशा कोणत्याही संग्रहासाठी सर्च इंजिनची सूची तयार करताना एकमेकांशी निगडित माहिती कशी नोंदवावी, हा प्रश्न उभा राहतो.

शोध घेतला की सर्च इंजिन सर्व निकालपत्रे नव्याने वाचत नाही. पुस्तकाच्या अखेरीस असलेल्या शब्दसूचीप्रमाणे, कोणता शब्द कोणत्या दस्तऐवजात आहे याची नोंद त्याने आधीच केलेली असते. ही नोंद मुळात सपाट असते. निकाल मात्र सपाट नसतो.

आणीबाणीतील 'एडीएम जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ला' हा खटला या दृष्टीने बोलका आहे. स्थानबद्धांना सुटकेसाठी न्यायालयात दाद मागता येणार नाही, असा निकाल पाच सदस्यांच्या पीठाने २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने दिला. न्या. राय, न्या. बेग, न्या. यशवंत चंद्रचूड आणि न्या. भगवती बहुमतात होते. न्या. हंसराज खन्ना यांनी एकट्याने भिन्नमत नोंदविले.

आता या निकालाची नोंद 'न्यायाधीश' आणि 'मत' अशा दोन रकान्यांत केली, असे समजू. पहिल्यात पाच नावे आणि दुसऱ्यात 'बहुमत' व 'भिन्नमत' हे शब्द असतील. कोणते मत कोणाचे, ही गाठ मात्र सुटलेली असेल. मग 'चंद्रचूड' आणि 'भिन्नमत' असा एकत्र शोध घेतल्यास हाच निकाल समोर येईल. दोन्ही शब्द नोंदीत आहेत, त्यामुळे यंत्राच्या हिशेबाने उत्तर बरोबर. इतिहासाच्या हिशेबाने ते साफ चूक. जानेवारी १९७७ मध्ये न्या. खन्ना यांची ज्येष्ठता डावलून न्या. बेग यांना सरन्यायाधीश करण्यात आले आणि न्या. खन्ना यांनी राजीनामा दिला. ज्या मतासाठी त्यांना ही किंमत मोजावी लागली, असे मानले जाते, ते मतच अशा शोधात दुसऱ्याच्या नावावर जमा होते.

यावर 'इलॅस्टिकसर्च'सारख्या प्रणालींत अंतर्गत नोंदींचा उपाय आहे. प्रत्येक न्यायाधीश आणि त्याचे मत यांची जोडी वेगळा छोटा दस्तऐवज म्हणून मुख्य निकालाला लागूनच साठविली जाते आणि दोन्ही अटी एकाच जोडीत पूर्ण होतात का, हे पाहिले जाते. मात्र एक जोडी बदलायची झाली, तरी संपूर्ण निकालाची नोंद पुन्हा करावी लागते. निकालपत्र एकदा दिले की सहसा बदलत नाही, त्यामुळे येथे ही अडचण फारशी जाचत नाही.

निकालाचे बळ मात्र बदलते. खासगीपणाच्या हक्कासंबंधीच्या पुट्टास्वामी खटल्यात नऊ सदस्यांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी १९७६ चा निकाल रद्दबातल ठरविला. जुन्या निकालाचा आधार घेणाऱ्या प्रत्येक दस्तऐवजात त्याच्या स्थितीची प्रत ठेवली असेल, तर त्या सर्व नोंदी त्या दिवशी बदलाव्या लागतात; एखादी राहून गेल्यास रद्द झालेला निकाल वाचकाला अद्याप वैध भासतो. स्थिती एकाच जागी ठेवून शोधाच्या वेळी दुवा जोडता येतो. त्यात दुरुस्ती सोपी, पण शोध मंदावतो.

आणखी एक पेच नावाचा आहे. २०१७ चे प्रमुख निकालपत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले, ते न्या. यशवंत चंद्रचूड यांचे पुत्र. केवळ आडनावावर विसंबलेली सूची निकाल देणारा पिता आणि तो रद्द करणारा पुत्र यांना एकच व्यक्ती ठरवील. म्हणून प्रत्येक न्यायाधीशाला स्वतंत्र क्रमांक देऊन निकालाची नोंद नावाशी नव्हे, त्या क्रमांकाशी जोडावी लागते.